प्रॉम्प्टरची वही

वारलू गहाणे राजा असायचा दिवाळी ते होळी.
मे महिन्यात तेंदूपान, पुड्याच्या हिशेबाने,
आणि रोवण्याला दुसऱ्याच्या बांधीत.
मी त्याचा प्रॉम्प्टर. स्टेजपुढच्या खड्ड्यात
पेटी-तबल्याच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन
अठ्ठावीस वर्षं मी त्याचे पाय पाहिले
आणि खालून हनुवटी.

रंगाच्या ट्रंकेला, झाकणाच्या आतून, एक फोटो डकवलेला.
आरमोरीच्या वाचनालयात रशियाचं मासिक यायचं,
कागद असा गुळगुळीत की पोरं पुस्तकांना कव्हरं घालत.
त्यातला हा नट. मुकुट काढून हातात धरलेला,
झग्यावर पदकं, बहुधा त्याच दिवशी दिलेली.
खाली छापलेलं : ग्लेब तारासोव्ह, जनतेचा कलावंत.
वारलू भुवया काढता काढता त्याच्याशी बोलायचा,
"काहून गा ग्लेबभाऊ, तुह्या गावात लय थंडी म्हणते,
तोंडावरचा रंग गोठत असन?"

आणीबाणीच्या हिवाळ्यात नाटकाची वही ठाण्यात द्यावी लागली.
ठाणेदार वाचणारा माणूस. वाईट नव्हता.
चहा पाजला. वही दोन दिवस ठेवून घेतली.
तिसऱ्या अंकात, भर दरबारात, एकच ओळ
त्यानं झाकली, काळ्या शाईनं, पट्टी लावून, सरळ.
बाजूला सही, गोल शिक्का.
"एवढी सोडून सगळं बोला. मलाही पोरं आहेत."

बंडीतून परतताना वारलू गप्प.
वैनगंगेच्या पुलाअलीकडे म्हणाला,
"ग्लेबच्या वहीत किती झाकल्या असतीन?"
मी म्हणालो, त्याले तं पदकं देल्ली.
"म्हणूनच इचारतो."

शंकरपट सुटला त्या रात्री कोंढाळ्यात नाटक.
तणसावर माणसं, घोंगड्यात पोरं, बिड्यांचे ठिपके.
नाटक जुनं, निम्म्या गावाला पाठ.
पुढच्या बाकावर दोन शिपाई, मांडीवर वहीची नक्कल.
वारलू त्या ओळीपाशी आला
आणि थांबला.
मी काळ्या पट्टीवर बोट ठेवून वर पाहिलं.
त्याच्या उजव्या पायाचा अंगठा
शब्दागणिक फळीवर दाबला जात होता,
स्वल्पविरामाला सैल,
पुन्हा दाब.
ओळ होती तेवढाच वेळ.
मागे तणस वाजायचं थांबलं.
शिपायांनी नक्कल चाळली. चूक कुठेच नव्हती.

तो हिवाळा आणि त्याच्या पुढचा,
एकेचाळीस गावं त्यानं ती ओळ अशी सांगितली.

मग निवडणूक झाली, बंदी उठली.
मंडईच्या पहिल्याच नाटकात वारलू ती मोठ्यानं बोलला.
कोणी खोकललं. चहावाला फिरत राहिला.
विंगेत आला, मुकुट खिळ्याला अडकवला,
"लहानच होती गा ते ओळ."

पुढे डान्स वाढले, राजे कमी झाले.
त्याला बापाचे रोल, मग आज्याचे,
मग पडद्याची दोरी.
मासिक यायचं थांबलं. पोस्टमन म्हणाला,
तो देशच नाही राहिला आता.
वारलूनं ट्रंक उघडून पाहिली. नट होता.
"याले आता पगार कोण देते?"

गेल्या पौषात वारलू गेला.
ट्रंक सुनेनं तांदूळ ठेवायला घेतली.
फोटो निघत नव्हता, राहू दिला.
झाकण उघडलं की जनतेचा कलावंत दिसतो,
कोंड्यानं तोंड पांढरं झालेला.

वही माझ्याकडे आहे.
पट्टीखालचं उजेडाला धरूनही वाचता येत नाही
आणि बंदी उठल्यावर मी ती ओळ
वेगळी लिहून घेतली नव्हती. तेव्हा पाठ होती.
नातू विचारतो, असं काय होतं त्यात.
मी चप्पल काढून अंगठा जमिनीला टेकवतो.
सहा वेळा दाब. मग सैल.
मग आणखी तीन.